टिकेल तेच विकेल : नाणेघाटापासून न्हावाशेव्यापर्यंत



खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांतला आपला माल चाकणच्या तळेगाव चौकात किती वेळा अडकून पडला असेल, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पुढे मोटारीच्या सुट्या भागांनी भरलेला ट्रेलर, मागे कंपनीची बस आणि मधे आपला टेम्पो. ट्रेलरमधल्या लोखंडाला उन्हाचं काही वाटत नाही. दोन दिवस उभं राहिलं तरी ते लोखंडच राहतं. आपल्या क्रेटमधली भेंडी मात्र तासातासाला म्हातारी होत असते.

रेडिओवर निर्यातीविषयी सांगितलं की आपल्यापैकी बरेच जण विचारतात, "परदेशात माल पाठवायचा तर शीतगृह कुठं आहे ते सांगा." प्रश्न रास्त आहे. पण शीतगृह ही नुसती एक खोली झाली. खरी गोष्ट आहे साखळीची. शेतात माल तोडल्यापासून परदेशातल्या दुकानात पोचेपर्यंत थंडावा कुठेही तुटता कामा नये, याला शीतसाखळी म्हणतात. ही साखळी एका दिवसात तयार झाली नाही. ती कशी तयार झाली, कुणाकुणाचं त्यात नुकसान झालं आणि त्यातून काय शिकायला मिळालं, हे आज या पत्रकात पाहू. इतिहास वाचून पोट भरत नाही हे खरं, पण दुसऱ्याला लागलेली ठेच आपल्याला कळली तर आपला अंगठा वाचतो.

पूर्वी टिकेल तेच जाई

निर्यात आपल्या भागाला नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात असे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आजही आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं जुनी माणसं सांगतात. पण त्या बैलांच्या पाठीवर काय असे? कापड, धान्य, मसाले, म्हणजे महिनोन् महिने टिकणारा माल. द्राक्षाचा घड किंवा कोवळी भेंडी त्या वाटेने परदेशी जाणं शक्यच नव्हतं. टिकेल तेच विकेल, हा त्या काळचा कायदा होता.

ताज्या मालाची धाव एका रात्रीची असे. चाकण, खेड, मावळकडचा शेतकरी संध्याकाळी भाजी काढून गाडी जुंपत असे. रात्रीच्या गारव्यात वाट तुडवून पहाटे पुण्याची मंडई गाठायची. पुण्याची आजची महात्मा फुले मंडई १८८६ सालची. गाडीत खाली ओला पाला, वर ओलं फडकं. विड्याची पानं तर ओल्या कापडात आणि केळीच्या पानात बांधूनच निघत. आपल्या वाडवडिलांना शीतसाखळी हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यातली पहिली कडी त्यांना पक्की माहीत होती : ऊन टाळा, ओल राखा, वेळ दवडू नका.

१८५८ मध्ये पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पुरा होऊन पुणे थेट मुंबईला जोडलं गेलं. तळेगाव, चिंचवडचा माल आता मुंबई गाठू लागला. वाट छोटी झाली, पण डब्यातली उष्णता तशीच राहिली. वेग वाढला म्हणजे सगळं झालं असं नव्हे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

बर्फाचं जहाज

आता जरा दूरची गोष्ट. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने त्यात माल भरला होता १८० टन बर्फ! हिवाळ्यात तळ्यावर गोठलेला बर्फ कापून तो त्याने जहाजात रचला होता. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मे महिन्यात निघालेलं जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला किल्ल्याच्या भागात बर्फघर उभं राहिलं.

चार महिन्यांच्या प्रवासात, यंत्राशिवाय, निम्म्याहून अधिक बर्फ टिकला कसा? लादीला लादी घट्ट भिडवून बाहेरून भुसा दाबून भरला होता, म्हणून. बाहेरची उष्णता आत शिरू द्यायची नाही, हे साधं तत्त्व. आज शीतगृहाच्या भिंतीत भुशाच्या जागी फोमचे पत्रे असतात, पण काम तेच करतात. शीतगृहाचं दार उघडं टाकून गप्पा मारत उभं राहणारा हमाल पाहिला की मला ते बर्फाचं जहाज आठवतं. त्या माणसाने चार महिने जे सांभाळलं, ते आपण पाच मिनिटांत घालवतो.

कप्तान आणि वाऱ्याची भोकं

पुढे थंडी करणारी यंत्रं आली. १८८२ मध्ये न्यूझीलंडहून 'डनेडिन' नावाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन लंडनला निघालं. जहाज शिडाचं, पण पोटात वाफेवर चालणारं थंडीचं यंत्र बसवलेलं. वाटेत कप्तानाच्या लक्षात आलं की आतला गार वारा सगळीकडे सारखा फिरत नाही. एका बाजूला गारठा आणि दुसऱ्या बाजूला ऊब. तेव्हा तो स्वतः वाऱ्याच्या नळीत रांगत शिरला आणि करवतीने जादा भोकं पाडली. थंडीने तो आतच गारठून पडला. सोबत्यांनी पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढला. ९८ दिवसांनी जहाज लंडनला लागलं, तेव्हा सुमारे पाच हजार नगांपैकी फक्त एक वाया गेला होता.

आपल्याला यातून काय घ्यायचं? पेट्यांना भोकं का असतात, हे कळतं. द्राक्षाच्या किंवा भाजीच्या खोक्याला असलेली भोकं शोभेची नसतात. गार वारा त्यातूनच आत शिरतो. खोकी रचताना एकाची भोकं दुसऱ्याच्या भोकांसमोर आली नाहीत, किंवा "अजून दोन मावतील" म्हणून कंटेनरच्या छतापर्यंत माल कोंबला, तर बाहेरचा काटा बरोबर थंडी दाखवतो आणि आतला माल शिजत असतो.

गणेशखिंडीतला आंबा

आता आपल्या दाराशी या. पिंपरी-चिंचवडला लागूनच खडकी आणि गणेशखिंड. गणेशखिंडीची सरकारी बाग १८७३ सालची. तिथे डॉ. जी. एस. चीमा यांनी फळझाडांवर मोठं काम केलं. 'लखनौ-४९' हा पेरू, ज्याला आपण 'सरदार' म्हणतो, तो त्यांच्याच निवडीतला. 'चीमा साहेबी' या द्राक्षाला तर त्यांचंच नाव आहे.

१९३०च्या दशकात हापूस आंबा बोटीने विलायतेला पाठवून पाहण्याचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा प्रश्न उभा राहिला : आंब्याला थंडी किती द्यायची? चीमा आणि त्यांचे सहकारी करमरकर व जोशी यांनी इथेच, पुण्याच्या परिसरात, फळांच्या शीत साठवणीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. वेगवेगळ्या तापमानाच्या खोल्यांत आंबा ठेवून रोज पाहणी केली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. कच्च्या आंब्याला बर्फासारखी थंडी सोसत नाही. साल काळवंडते आणि बाहेर काढल्यावर आंबा नीट पिकत नाही. बाहेरून सडलेला नाही, आतून पिकलेला नाही, असं फळ मिळतं. याला आज आपण थंडीची इजा म्हणतो.

म्हणून "जितकी जास्त थंडी तितका माल चांगला" ही समजूत डोक्यातून काढून टाका. गरम देशाच्या पिकांना जास्त थंडी बाधते. आपल्या पिकांचं ढोबळ कोष्टक असं :

द्राक्ष : ० अंश सेल्सियसच्या आसपास.
कोथिंबीर, मेथी, पालक : ० ते २ अंश.
डाळिंब : ५ अंशांच्या आसपास.
भेंडी, हिरवी मिरची : ७ ते १० अंश.
वांगं, काकडी : १० ते १२ अंश.
हापूस आंबा, केळी, हिरवट टोमॅटो : १२ ते १३ अंश.

यावरून आणखी एक गोष्ट कळेल. द्राक्ष आणि भेंडी एका खोलीत सुखाने नांदू शकत नाहीत. एकाला जे मानवतं त्याने दुसऱ्याचं अंग काळं पडतं. शिवाय पिकणारं फळ एक वायू सोडतं, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. गावात एकच खोली बांधून सगळा माल त्यात ठेवू, असा बेत करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

आणि आपल्या चाकणच्या कांद्याचं काय? चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार साऱ्या मुलखाला माहीत आहे. कांद्याला आपण थंडीच्या नव्हे, वाऱ्याच्या भरवशावर ठेवतो. नीट सुकवलेला, मान बारीक झालेला कांदा हवेशीर चाळीत महिने काढतो. बियाण्याचा बटाटा मात्र २ ते ४ अंशांवर शीतगृहात ठेवावा लागतो. प्रत्येक पिकाची प्रकृती वेगळी, तसं त्याचं पथ्यही वेगळं.

कारखाने आले, शिवार सरकलं

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्याचं रूप पालटलं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पिकांवरच्या बुरशीसाठीचं 'ऑरिओफंजिन' हे औषधही याच कारखान्याने पुढे आणलं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. पिंपरी, भोसरी, आकुर्डीच्या शिवारांत चिमण्या दिसू लागल्या. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९०च्या दशकानंतर चाकणच्या माळावरही तेच घडलं. ज्या रानात बाजरी, हरभरा, कांदा निघायचा तिथे आज मोटारी निघतात.

जमिनी गेल्या, काहींना पैसा मिळाला, काहींचा पैसा आला तसा गेला. ते दुःख इथे उगाळत नाही. पण ज्यांच्याकडे आज एक-दोन एकर उरलं आहे, त्यांच्यापुढे प्रश्न रोकडा आहे : एवढ्याशा रानातून जास्त मोल कसं काढायचं? म्हणूनच फुलं, परदेशी भाज्या, निर्यातीची भेंडी-मिरची याकडे लोक वळले.

आणि या कारखान्यांकडून शिकण्यासारखीही एक गोष्ट आहे. तिथे कोणता सुटा भाग कोणत्या वेळी दारात हवा, हे ठरलेलं असतं. गाडी उशिरा आली तर विचारणा होते. लोखंडासाठी जे घड्याळ पाळलं जातं, ते नाशवंत मालासाठी आपण पाळत नाही. "दुपारपर्यंत तोडू, टेम्पो आला की भरू" हा आपला हिशोब. उलटं व्हायला हवं, नाही का?

द्राक्षाने घेतलेली शाळा

महाराष्ट्रात शीतसाखळीची खरी शाळा घेतली ती द्राक्षाने. १९८४ मध्ये राज्याचं कृषी पणन मंडळ पुण्यात स्थापन झालं. १९८६ मध्ये निर्यातीसाठी केंद्राची 'अपेडा' ही संस्था कामाला लागली. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. आणि १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन 'महाग्रेप्स' ही भागीदारी उभी राहिली.

सुरुवातीला माल नाकारला जाण्याचे कडू अनुभव आले. बागेत घड सोन्यासारखा, आणि तिकडे पेटी उघडली तर देठ सुकलेले, मणी गळालेले, बुरशी धरलेली. दोष कुठे होता? बऱ्याचदा पहिल्या काही तासांत. गरम घड तसाच खोक्यात भरून कंटेनरमध्ये ठेवला की कंटेनर त्याला थंड करील, अशी समजूत होती.

बंधूंनो, या पत्रकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : कंटेनर थंडी राखतो, थंडी करत नाही. त्याचं यंत्र गार माल गार ठेवण्याच्या ताकदीचं असतं. गरम माल भरला तर आठवडा गेला तरी मधल्या पेट्या गार होत नाहीत.

म्हणून सोसायट्यांनी स्वतःची पूर्वशीतकरण केंद्रं उभी केली. सोप्या भाषेत, प्रीकूलिंग. तोडणीनंतर ४ ते ६ तासांत घडाची अंगची उष्णता जोराच्या गार वाऱ्याने ओढून काढायची आणि मग ० अंशाच्या शीतगृहात ठेवायचं. हवेत ओल ९० ते ९५ टक्के, म्हणजे देठ हिरवा राहतो. पेटीत गंधकाचा वायू सोडणारा कागद ठेवायचा, ज्याला आपण सल्फर पॅड म्हणतो, त्याने बुरशी आवरते. मग सुमारे तीन आठवडे समुद्रावर काढून द्राक्ष युरोपात टवटवीत उतरू लागलं.

यातली मोलाची गोष्ट यंत्राहून वेगळी आहे. हे पूर्वशीतकरण बागायतदारांच्या स्वतःच्या संस्थेचं होतं. माल गार आणि टिकाऊ असला की शेतकरी भावासाठी दोन दिवस थांबू शकतो. गरम माल हातात असेल तर अडत्या म्हणेल तो भाव. थंडावा ज्याच्या मालकीचा, भावाची दोरी थोडीफार त्याच्या हातात.

पण नुसत्या थंडीने भागत नाही, हेही द्राक्षानेच शिकवलं. २००३ च्या सुमारास औषधांचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपल्या द्राक्षांबाबत तक्रारी झाल्या. २००६ मध्ये अपेडाची 'ग्रेपनेट' ही बागांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली. त्यामुळे कोणती पेटी कोणत्या बागेतली, हे शोधता येऊ लागलं. तरी २०१० मध्ये वेल आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिहोसीनचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि अनेक कंटेनर तिकडे अडकले. माल थंडगार होता, दिसायला देखणा होता, तरी विकला गेला नाही. कर्ज मात्र इथे बागायतदाराच्या डोक्यावर बसलं.

२०१४ मध्ये आणखी एक झटका बसला. फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने भारतातला आंबा, वांगं, कारलं, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, भाज्यांना त्याहून जास्त थांबावं लागलं. भेंडी-कारल्याला मानवणाऱ्या थंडीत फळमाशीची अंडी मरत नाहीत. शेतातली कीड शेतातच आवरावी लागते. पुढच्या कोणत्याही यंत्रावर ते काम ढकलता येत नाही.

तळेगावचा गुलाब

आपल्या पट्ट्यात शीतसाखळीचा सर्वांत जवळचा धडा पाहायचा असेल तर तळेगाव-दाभाड्याला जा. तिथे औद्योगिक विकास महामंडळाचं फुलशेतीसाठीचं उद्यान आहे. आसपास मावळात हरितगृहांमधून गुलाब निघतो आणि फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन दिवसासाठी परदेशी जातो. पणन मंडळाचं काढणीपश्चात तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण केंद्रही तळेगावातच आहे.

गुलाबवाला काय करतो ते बघा. कळी पहाटे कापतो आणि कापल्याबरोबर दांडा पाण्यात. तिथून थेट २ ते ४ अंशांच्या खोलीत. प्रतवारी आणि बांधणीही गार जागेतच. मग गार गाडीने विमानतळ. त्या फुलाचा हंगाम पंधरा दिवसांचा. चौदा तारखेनंतर त्याच फुलाला कोण विचारतो? म्हणून तिथे सगळे घड्याळाकडे डोळे लावून बसतात. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, त्याचा फायदा त्यांना झाला. पण रस्ता होण्याआधी थंड खोली होती, म्हणूनच रस्त्याचा उपयोग झाला.

एका तासाची किंमत

आता थोडं गणित करू. तोडलेली भाजी किंवा फळ मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं. श्वासाबरोबर अंगातली साखर आणि पाणी खर्च करतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की हा खर्च दुप्पट ते तिप्पट होतो. दुपटीनेच धरू. ५ अंशांवर जो खर्च १, तो १५ अंशांवर २, २५ अंशांवर ४ आणि ३५ अंशांवर ८. म्हणजे ३५ अंशांच्या उन्हात मालाचा एक तास म्हणजे ५ अंशांच्या शीतगृहातले आठ तास. बांधावर पेट्या तीन तास पडून राहिल्या की शीतगृहातला एक पूर्ण दिवस गेला. तो दिवस पुढे कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवासात दहा-पंधरा दिवस वाढले. अशा वेळी कुणाचा माल टिकतो? ज्याने पहिल्या तीन तासांत तो दिवस वाचवला, त्याचा. समुद्र आपल्या हातात नाही, चाकणचा चौक आपल्या हातात नाही. बांध आपल्या हातात आहे.

एका भेंडीची गोष्ट

खेड तालुक्यातल्या एका गावची गोष्ट सांगतो. आठ-दहा घरांनी मिळून निर्यातीसाठी भेंडी केली होती. पीक उत्तम, फवारणीच्या नोंदी चोख. पहिल्या तोडणीला मी गेलो, तर तोडणी ऊन चढेपर्यंत चाललेली. क्रेट पत्र्याच्या शेडमध्ये रचलेले. वर पत्रा तापलेला आणि खाली भेंडी. टेम्पो आला दुपारी, चाकणला अडकला आणि पॅकहाऊसवर संध्याकाळी पोचला. हात घातला तर क्रेटच्या मधली भेंडी उकडलेल्या रताळ्यासारखी उबदार लागली. बराचसा माल परत आला.

रात्री अंगणात बसलो होतो. घरातल्या आजींनी विचारलं, "साहेब, दोष भेंडीचा का रस्त्याचा?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. खरं तर दोष माझाही होता. औषधांची, बियाण्याची सगळी माहिती मी दिली होती, पण तोडणीची वेळ आणि टेम्पोची वेळ यांचा मेळ घालून दिला नव्हता. मी सल्ला शेतापर्यंत दिला आणि तिथे सोडून दिला.

पुढच्या तोडणीला आम्ही आधी टेम्पोची वेळ ठरवली आणि मग मागे मोजत तोडणीची. उजाडताच तोडणी, चिंचेच्या सावलीत क्रेट, वर ओलं पण न ठिबकणारं गोणपाट, आणि कंपन्यांच्या बसेस रस्त्यावर येण्याआधी गाडी चाकणच्या पार. यंत्र एकही नवं घेतलं नाही. परत येणारा माल मात्र पुष्कळ कमी झाला. आजी म्हणाल्या, "म्हणजे पूर्वी गाडी जुंपत होतो तसंच की!" अगदी तसंच.

आता आपण काय करावं

१. आधी वेळापत्रक, मग तोडणी. पॅकहाऊसवर माल किती वाजता घेतात ते विचारा आणि तिथून उलटं मोजत या. वाटेतल्या कोंडीचा तासही धरा.

२. पहाटे तोडा. दव किंवा पावसाचं पाणी असेल तर ते सुकू द्या, पण उन्हात नव्हे. द्राक्ष, भेंडी ओली भरू नये.

३. तोडलेला माल पाच मिनिटंही उन्हात ठेवू नका. झाड नसेल तर चार बांबूंवर पाचटाचं छप्पर घाला. पत्र्याची शेड सावली देते पण भट्टीही होते.

४. बारदान आणि पोती सोडा, हवेशीर प्लास्टिकचे क्रेट वापरा. क्रेट दाबून भरू नका. खरचटलेल्या भेंडीला कोणतीही थंडी वाचवू शकत नाही.

५. थोड्या मालासाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. १९८०च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ही पद्धत तयार झाली. विटांच्या दोन भिंती, मधे सुमारे साडेसात सेंटिमीटर जागा, त्यात वाळू, आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी. वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण आणि सावली. साधारण एक क्विंटल माल राहतो. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहतं. पावसाळ्यात तेवढा फरक पडत नाही. निर्यातीच्या शीतगृहाची जागा तो घेणार नाही, पण टेम्पो येईपर्यंत माल सांभाळील.

६. स्वतःची थंड खोली बांधायची असेल तर गटाने किंवा शेतकरी कंपनीने बांधा, आणि आधी हा प्रश्न विचारा : वर्षातले किती महिने ती भरलेली राहील? रिकामी खोलीही विजेचं बिल खाते. वीज गेली तर जनरेटर आहे का? २०२० मध्ये केंद्राने कृषी पायाभूत सुविधा निधी सुरू केला. त्यात २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला ७ वर्षांपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत ठरवलेली आहे. आजचा नियम आणि अटी तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पाऊल टाका. सवलत मिळते म्हणून कर्ज काढू नका, माल आहे म्हणून काढा.

७. साधा तापमापक विकत घ्या. मालाच्या मधोमध खुपसून पाहा आणि वहीत लिहा : तोडताना किती, गाडीत भरताना किती, पॅकहाऊसवर किती. उद्या माल नाकारला गेला तर साखळी कुठे तुटली, हे त्या वहीवरून कळेल. वही नसेल तर दोष नेहमी शेतकऱ्याच्याच माथी येतो.

८. करार करताना एक प्रश्न स्पष्ट विचारा : माल वाटेत बिघडला तर नुकसान कुणाचं? पुष्कळदा भाव परदेशात माल उतरल्यावर ठरतो, म्हणजे तोवरचा धोका आपल्याच अंगावर असतो. हे तोंडी नको, कागदावर हवं.

शेवटी एवढंच. नाणेघाटातून टिकाऊ माल गेला, बर्फाच्या जहाजाने भुशाचा उपयोग दाखवला, डनेडिनच्या कप्तानाने वारा खेळवला, गणेशखिंडीत आंब्याची प्रकृती ओळखली गेली, द्राक्ष बागायतदारांनी ठेचा खाऊन पूर्वशीतकरण केलं. प्रत्येकाने साखळीची एकेक कडी घडवली. त्यांतली पहिली कडी अजूनही शेताच्या बांधावर आहे आणि ती कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ती आपल्या हातांनी, सूर्य वर यायच्या आत घडवावी लागते.

हे पत्रक गटात मोठ्याने वाचा. घरातल्या बायकांनाही वाचून दाखवा, कारण तोडणी बहुधा त्यांच्याच हातची असते. शंका असेल तर पोस्टकार्डावर पिकाचं नाव, तोडणीची वेळ आणि गाडी निघण्याची वेळ या तीन गोष्टी लिहून कार्यक्रमाकडे पाठवा. उत्तर मिळेल.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी